अकरा गुंठ्यांची हजेरी

किनाऱ्यावरच्या जमिनींनी सुनावणीला जातीने हजर राहावं अशी नोटीस आली, म्हणून इंदुमती तांडेल हिने बुधवारी सकाळी आपली अकरा गुंठे जमीन गुंडाळली, दोन ठिकाणी सुंभाने बांधली आणि ती घेऊन तालुक्याच्या एसटीत बसली. कंडक्टरने जमिनीचं अर्धं तिकीट फाडलं आणि वाळू सांडू नका, एवढंच सांगितलं.

त्या जमिनीवर आधी तिची सासू मासे सुकवायची, नवरा गेल्यापासून ती सुकवत होती. दुसरं काही तिच्याकडे नव्हतं. आता तिथे पर्यटन प्रकल्प येणार होता, आणि प्रकल्पाचं काम आमदारांच्या भाच्याला मिळालं होतं.

तहसील कार्यालयाच्या व्हरांड्यात माणसं आपापल्या जमिनी मांडीवर घेऊन बसली होती. शेजारचा गजानन मेतर आतल्या खोलीतून बाहेर आला, तेव्हा त्याच्या काखेतली वळकटी बारीक झाली होती.

"आत सात गुंठे नेले, भायर चार इले," तो हळूच म्हणाला. "एसीत आकसतत म्हणे."

इंदुमतीने आपली जमीन छातीशी धरली. तिचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा ती जमिनीसकट आत गेली.

"आक्का, जमीन आत ठेवून जा," कारकून पेडणेकर म्हणाले. "पावती उद्या मिळेल."

"माझ्या डोळ्यांदेखत मोजा."

"तशी तरतूद नाही."

त्यांच्या टेबलावर एक टाइप केलेला आदेश पडला होता. इंदुमती चौथी शिकली होती. तिने आपला गट नंबर ओळखला, मग गेल्या शुक्रवारची तारीख, मग मजकूर: 'जमीन सुनावणीस गैरहजर राहिल्याने ती प्रकल्पासाठी देण्यात येत आहे.'

ती आवारात गेली, दोन्ही गाठी सोडल्या आणि जमीन पसरली. अकरा गुंठे जिथवर जायचे तिथवर गेले. सरकारी जीपच्या खालून, पायऱ्या चढून, थेट पेडणेकरांच्या टेबलाखाली. एक खेकडा अभिलेखांच्या कपाटामागे शिरला.

तहसीलदार बाई बाहेर आल्या. "काय चाललंय हे?"

"हजर आसा, बाईसाहेब," इंदुमती म्हणाली.

पेडणेकरांनी पायाने वाळू दाबून पाहिली. जमीन हजर होती, यात वाद नव्हता. त्यांनी आदेशातला 'गैर' खोडला, खाडाखोडीवर बाईंची सही घेतली आणि वाचून दाखवलं: "जमीन सुनावणीस हजर राहिल्याने ती प्रकल्पासाठी देण्यात येत आहे."

"पण मी ती हजर केलंय मा!"

"म्हणूनच," पेडणेकर म्हणाले.

आमदारांचा भाचा चार माणसं घेऊन आला. ती एका कडेने जमीन गुंडाळू लागली. पावणेचार वाजले होते, आणि त्या दिवशी त्या जमिनीवर पावणेचारला भरती होती. फाटकाच्या बाजूने पाणी आलं आणि घोट्यापर्यंत चढलं. ओली जमीन हातात तुटायला लागली, तशी माणसं सरळ उभी राहिली. कारकुनांनी फायली डोक्यावर घेतल्या. इंदुमती मधोमध फतकल मारून बसली. उठवलं तर काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं.

बाईंनी साडी उचलून धरली. "ताबा ओहोटीनंतर घ्या," त्या म्हणाल्या. "ओहोटी कधी आहे?"

भाच्याने माणसांकडे पाहिलं, माणसांनी पेडणेकरांकडे. मग सगळ्यांनी इंदुमतीकडे पाहिलं.

ओहोटी रात्री दहाला होती. पाण्याबद्दल ती जन्मात कधी खोटं बोलली नव्हती. पाण्याखाली तिने दोन्ही मुठींत वाळू घट्ट धरली.

"चार दिवस तरी नाय," ती म्हणाली.

पेडणेकरांनी टेबल कोरड्या कोपऱ्यात ओढून घेतलं आणि 'चार दिवस' असं लिहिलं.