चारशे चाळीस कोटी फेरे

घरातल्या कॉम्प्युटरचा वेग वाढवायचा, हा निर्णय मी रविवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, दुसरा चहा पिता पिता घेतला. इतका मोठा निर्णय मी आयुष्यात घेतला नव्हता. (लग्नाचा मोठा होता, पण तो मी घेतला नव्हता.)

हेतू उदात्त होता, हे आधी सांगून टाकतो. माझी बायको रजनी बंगल्यांच्या इंटिरिअरची चित्रं कॉम्प्युटरवर तयार करते. बारा वर्षं दुसऱ्याच्या ऑफिसात घालवून तिने गेल्या दिवाळीत नोकरी सोडली आणि आता तिचं स्वतःचं पहिलं काम अगदी हाताशी आलं होतं. मळवलीला एका मुंबईकर जोडप्याचा बंगला उभा राहत होता. ते नवराबायको त्या दिवशी पाच वाजता आमच्या लोणावळ्याच्या घरी चित्रं बघायला येणार होते. पसंत पडली तर काम रजनीचं. नाहीतर आणखी दोघं रांगेत होतेच.

जिन्याचं एक माप राहिलं होतं. ते घ्यायला रजनी सकाळीच मळवलीला निघाली. बारा वाजता परत येऊन, माप भरून ती कॉम्प्युटरला चित्रं तयार करायला लावणार होती. पाच चित्रं, प्रत्येकाला पन्नास मिनिटं. म्हणजे चार वाजून दहा मिनिटांनी सगळं तयार.

“तोपर्यंत कॉम्प्युटरला कुणी हात लावायचा नाही,” चपला घालता घालता ती म्हणाली.

आमची मुलगी ऋचा पुण्याला होस्टेलवर असते. घरात मी एकटाच होतो. तेव्हा हे ‘कुणी’ कोण, हे माझ्या लक्षात यायला हरकत नव्हती.

मी, केशव, एका ज्युनिअर कॉलेजात हेडक्लार्क आहे. मुलांनी बोनाफाईड सर्टिफिकेट मागितलं की ते आठ दिवसांनी देणं, हे माझं काम. त्यामुळे वेगाविषयी मला आतून फार ओढ आहे. त्यात मोबाईलवर एका दाढीवाल्या तरुणाचा व्हिडिओ समोर आला. तो सांगत होता, की प्रोसेसर कारखान्यातून थोडं हातचं राखूनच पाठवतात. आतल्या सेटिंगमध्ये, म्हणजे बायोसमध्ये जायचं, छत्तीसचा आकडा वाढवायचा, की झालं! छत्तीस म्हणजे सेकंदाला तीनशे साठ कोटी ठोके.

तीनशे साठ कोटी! मी चहाचा कप खाली ठेवला. ‘एक’ म्हणायला मला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात टेबलाखालचा तो काळा डबा तीनशे साठ कोटी वेळा टकटक करतो आणि वर काही बोलतही नाही. मला भरून आलं. आणि भरून आलेल्या माणसाने बायोसमध्ये जाऊ नये, हे त्या व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं.

मी छत्तीसचे एकोणपन्नास केले. शेजारी व्होल्टेज होतं, तेही वाढवलं. खाली मेमरीचा वेग होता. त्याला एकट्याला मागे ठेवणं बरं दिसेना, म्हणून तोही वाढवला. आणखी दोन सेटिंग्ज होत्या. त्यांची नावं मला कळली नाहीत, म्हणून वाढवल्या.

आणि कॉम्प्युटर सुरू झाला! स्क्रीनवर चक्क ४.९. मी उठून उभाच राहिलो. (राष्ट्रगीत लागलं नव्हतं, पण तसं वाटलं.) मग पडताळा म्हणून एक जुनं चित्र तयार करायला लावलं. दोन मिनिटं पंखा विमानासारखा घोंघावला आणि स्क्रीन निळीशार झाली. परत सुरू केलं. तापमान दाखवणारा आकडा ऐंशी, अठ्ठ्याऐंशी, पंच्याण्णव… पुन्हा निळी.

थंडावा हवा, एवढं मला कळलं. मी डबा उचलला, स्वयंपाकघरात नेला, फ्रिजचं दार सताड उघडलं आणि त्याच्यासमोर स्टुलावर ठेवला. मागून टेबलफॅन लावला. स्क्रीन ओट्यावर, भाजीच्या टोपलीला टेकवून. या वेळी तीन मिनिटं टिकला. त्यानंतर मात्र निळीही झाली नाही. नुसता काळोख. बटण दाबलं की पंखा गरगरायचा, थांबायचा, पुन्हा गरगरायचा.

मी रजनीला फोन लावला. मळवलीला त्या प्लॉटवर रेंज येते आणि जाते.

“रजनी, पंच्याण्णववर गेला होता!”

“काय गेला?”

“तापला गं! दोनदा बंद पडला. फ्रिजसमोर आणून ठेवलं, तरी आता डोळेच उघडत नाही!”

“अहो, कोण डोळे उघडत नाही? तुम्हाला ताप आलाय का? अहो, कोण बोलतंय हे?”

“मीच! मी काही केलं नाही, फक्त जरा वेग—”

रेंज गेली.

बारा वाजता रजनी धापा टाकत घरात शिरली. मागोमाग हातात गवती चहाची जुडी घेतलेल्या एक बाई. या बयाबाई. मळवलीच्या त्या प्लॉटवर राखण करतात. वय पासष्ट-सत्तर, अंगाने काटक. माप घेताना टेपचं दुसरं टोक त्यांच्याच हातात होतं. साहेबांना भ्रम झालाय हे कळल्यावर, बाईमाणसाला एकटं कसं पाठवायचं, म्हणून त्याही आल्या.

दोघींनी पाहिलं. फ्रिज उघडा, त्यासमोर स्टुलावर डबा, मागे टेबलफॅन आणि मी डब्याच्या पाठीवरून हात फिरवतोय.

बयाबाईंनी माझ्या कपाळाला हात लावला. “ताप न्हाई,” त्या रजनीला म्हणाल्या. “दुसरं कायतरी हाय.”

मी सगळं कबूल केलं. रजनी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर नुसती बसली आणि हळूच म्हणाली, “पाच वाजता ते येतायत. पहिलंच काम होतं हो माझं.”

 बयाबाई डब्यापाशी उकिडव्या बसल्या, कान जवळ नेला आणि म्हणाल्या, “चालू करा बरं.”

“मावशी, तो कॉम्प्युटर आहे,” मी म्हणालो.

“आसंल. फिरतंय न्हवं? बेडशाला भाताची गिरणी बावीस वर्सं चालीवली मी. मालक नुस्ता गल्ल्यावर.” मी बटण दाबलं आणि त्यांनी डोळे मिटून ऐकलं. “पंक्याचा दम कोंडलाय. आन् मला सांगा केशवभाऊ, रिकामं फिरताना बंद पडत हुतं, का भार आल्यावर?”

 दाढीवाल्या तरुणाच्या चाळीस मिनिटांच्या व्हिडिओत हा प्रश्न सतराव्या मिनिटाला आला होता. या बाईंना तो सतराव्या सेकंदाला पडला.

“भार आल्यावर,” मी म्हणालो.

“मंग यंत्र गेल्यालं न्हाई. झेपंना झालंय. तुमी काय काय बदाललं?”

“पाच गोष्टी.”

“येकदम?”

“एकदम.”

बयाबाईंनी रजनीकडे अशा नजरेने पाहिलं, की त्यात माझ्या संसाराची सगळी वर्षं आली. “येका वक्ताला येकच बदलायचं आसतंय. न्हाईतर बिघाड कशानं झाला, कुनाला कळायचं?”

रजनी उठली. तिच्या डोळ्यांत आता पाणी नव्हतं, आकडे होते. ड्रॉवरमधून कॉम्प्युटरबरोबर आलेलं माहितीपत्रक तिने काढलं. (ते आपल्याकडे आहे, हेच मला ठाऊक नव्हतं.) प्लग काढून, डबा उघडून तिने आतली नाण्याएवढी बॅटरी काढून ठेवली, म्हणजे माझ्या सगळ्या करामती तो विसरून जाणार. तेवढ्यात बयाबाईंनी माझ्याकडे रंगाचा कोरडा ब्रश मागितला. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीची अशी काही गादी बसली होती, की तिच्यावर मांजराने बाळंतपण केलं असतं. त्यांनी पंखा बोटाने धरून ठेवला आणि फटीफटीतून ती अलगद काढली.

“येका सेकंदाला किती फेरे मारतंय ह्ये?” त्यांनी विचारलं.

“पंखा?”

“न्हाई, ह्यो आतला.”

“मूळचे तीनशे साठ कोटी.”

ब्रश थांबला. बयाबाई त्या टिचभर चौकोनाकडे बघतच राहिल्या. मग पदराने हात पुसून त्यांनी त्याला नमस्कार केला. “आन् येवढं पळणाऱ्याला तुमी पुसूनबी ठेवत न्हाई?”

मी खाली बघितलं. तिथेही धूळच होती.

बॅटरी बसवली, बटण दाबलं आणि स्क्रीन उजळली! रजनीने जिन्याचं माप भरलं तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मूळच्या वेगाने चित्रं व्हायला पाच वीस. पाहुणे पाचला. माझ्या कर्तबगारीमुळे आता वेग वाढवण्यावाचून गत्यंतर उरलं नव्हतं.

मग स्वयंपाकघरात जे चाललं ते मी भिंतीला टेकून, हात मागे बांधून पाहिलं. (हात बांधायची सूचना रजनीची.) तिने वहीत चार रकाने आखले: वेग, व्होल्टेज, तापमान, निकाल. चाळीस. भार द्यायचा, चार मिनिटं थांबायचं. बयाबाई डोळे मिटून ऐकत. “चालंल.” बेचाळीस. “चालंल.” चव्वेचाळीसला तो अडखळून बंद पडला.

“आता ताकद थोडी वाडवा,” बयाबाई म्हणाल्या. “वेगाला हात लावू नगा.”

रजनीने व्होल्टेज अगदी किंचित वाढवलं. चालला! तापमान अठ्ठ्याहत्तर. पंचेचाळीसही चालला, पण आकडा ब्याण्णववर गेला आणि आकडा न बघताच बयाबाईंनी हात वर केला. “हितं न्हाई ऱ्हायाचं. सूर बदालला बगा त्याचा. येक पायरी मागं या. निम्म्यात दगा दिला तर उपेग काय त्या वेगाचा?”

चव्वेचाळीस. चारशे चाळीस कोटी. एक वाजून पस्तीस मिनिटांनी पहिलं चित्र लागलं.

त्यानंतरचे जवळजवळ साडेतीन तास मी विसरणार नाही. कुणी टीव्ही लावला नाही, मोठ्याने बोललं नाही. एकेका चित्राला एक्केचाळीस मिनिटं. स्क्रीनवर एकेक चौकोन उमटत होता. आधी जिना, मग जिन्यावर पडलेलं ऊन, मग खिडकीतला विसापूर किल्ला. भाजीच्या टोपलीला टेकलेल्या त्या स्क्रीनवर एक अख्खं घर उजाडत होतं. मी कधी त्या डब्याकडे बघत होतो, कधी कान लावून बसलेल्या बयाबाईंकडे, कधी वहीत तापमान लिहिणाऱ्या रजनीकडे. वीस-बावीस वर्षं मी या बाईला ‘मीठ दे’ म्हणत आलो होतो! मला एकदम संकोच वाटला.

पाचव्या चित्राचा शेवटचा चौकोन भरला आणि बेल वाजली.

पाहुण्यांनी स्वयंपाकघरातच उभं राहून चित्रं पाहिली. बाई जिन्याच्या चित्रापाशी थबकल्या. “असंच ऊन येईल?” त्यांनी विचारलं. “साडेआठ वाजता,” रजनी म्हणाली. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने मान हलवली आणि काम ठरलं.

मी लगबगीने सगळ्यांसाठी चहा टाकला.

“एवढं काम म्हणजे तुमची टीम मोठी असणार,” गृहस्थ म्हणाले.

“छे, आम्ही दोघीच,” रजनी म्हणाली आणि तिने बयाबाईंकडे हात केला.

गृहस्थांनी ट्रे घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. “आणि हे?”

रजनी जरा अडली. मग मनापासून म्हणाली, “हे चहा फार छान करतात.”

मी कृतज्ञतेने मान लववली आणि कप पुढे केले. बयाबाईंनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले, क्षणभर ऐकल्यासारखं केलं.

“केशवभाऊ,” त्या म्हणाल्या, “साखर घालायची ऱ्हायली.”