सोबतच्या माणसांवरून वेदना मोजण्याची पद्धत

वेदना ही डोळ्यांना दिसत नसल्याने तिची शहानिशा केल्याशिवाय उपचार करणं म्हणजे औषधांची उधळपट्टी होय. जिंतूरजवळच्या एका रुग्णालयात तातडीच्या विभागाचे डॉक्टर आदिनाथ यांनी त्यासाठी मोठी कल्पक पद्धत बसवली होती. जीपभर नातेवाईक घेऊन येईल त्याचं दुखणं खरं. एकटा येऊन इंजेक्शनचं नाव सांगेल तो नशेबाज. (एकटा येऊन नावही न सांगणाऱ्याचं दुखणं मुळात किरकोळ, असा पोटनियम होता.) शंभरातले एकशेदहा रोगी सोंगं करतात, हा त्यांचा अंदाज. पूर्वी एकाने खोटं कण्हून इंजेक्शन मिळवलं होतं आणि चहाच्या टपरीवर ती गोष्ट रंगवून सांगितली होती. तेव्हापासून रोगी दगावण्यापेक्षा आपण फसण्याची धास्ती त्यांना जास्त.

एका दुपारी सूर्यभान रिक्षावाल्याच्या खांद्यावर रेलत आला. सोयाबीनच्या ट्रॉलीवरून पडून पाय मोडला, असं त्याचं म्हणणं. त्याने ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक इंजेक्शन मागितलं. ते नाव त्याला तोंडपाठ होतं. कंबरदुखीसाठी मागे याच डॉक्टरांनी त्याच औषधाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि सवय तिथूनच लागली. (ही सेवा मोफत होती.)

"सवय हाय, न्हाई म्हनत न्हाई सायेब," तो म्हणाला. "पन पाय खराच मोडलाय."

एक्स-रेमध्ये नडगीचे दोन तुकडे दिसले. डॉक्टर बधले नाहीत. हाड मोडल्याचं दिसत होतं, दुखत असल्याचं कुठे दिसत होतं? पॅरासिटामॉल देऊन त्यांनी त्याला बाकावर बसवलं. तो ओरडला की नाटक ठरायचं, गप्प बसला की आराम पडल्याचं. बिचारा ओठ चावत घाम पुसत राहिला.

संध्याकाळी त्याची बायको चांगुणाबाई वालूरहून आली. रोज इथे रोगी आणणाऱ्या त्या रिक्षावाल्याने तिला डॉक्टरांची पद्धत समजावली. बाहेर कुठल्याशा बाळंतिणीला पाहायला आलेली जीपभर माणसं उभी होती. तिने त्यांच्यापुढे हात जोडले.

"माज्या मालकापाशी नुसतं येऊन हुबं राहा," ती म्हणाली. "बोलायचं काईच न्हाई."

माणसं बाकाभोवती गंभीर चेहऱ्याने उभी राहिली. डॉक्टर लगबगीने इंजेक्शन घेऊन आले.

"इतकं दुखत होतं तर आधी सांगायचं ना," ते कळवळून म्हणाले.

वाचकांना डॉक्टरांचं हसू येणं साहजिक आहे. मात्र ट्रॅमाडॉलचं नाव निघाल्यावर सूर्यभानचा पाय खरंच मोडलाय की नाही, हे ठरवायला वाचकही एक्स-रेपर्यंत थांबले होते.