उंबऱ्यावरची लिंबं

"आई, हे शेवटचे दोन हजार," वर्षानं नोटा देवघरापुढच्या पाटावर ठेवल्या. "यातून झालं तर झालं. नाहीतर हे म्हणतात, एक तारखेपासून ठाण्याची नोकरी धर."

निर्मलाबाई वाती वळत होत्या. त्यांची बोटं थांबली. सून ठाण्याला गेली की दिवसभर घरात त्या आणि भिंतीवरची पाल, दोघीच.

वर्षानं मोबाईलवर एक अॅप काढलं होतं, 'येताना' नावाचं. आळीतलं कोण शहापूरच्या बाजाराला निघालंय ते त्यावर दिसायचं. ज्याला जे हवं त्यानं ते जाणाऱ्याला कळवायचं आणि त्यानं येताना आणायचं. खर्डीसारख्या गावात ही मोठीच सोय, पण लोकांना ती कळेल तेव्हा ना! जाहिरातीला महिन्याचे दोन हजार, याच्यापुढे तिच्या नवऱ्याचा, संदीपचा पगार पुरत नव्हता. पहिल्या महिन्याचे पैसे मोबाईलवरच्या जाहिरातीत गेले, आणि 'येताना' उघडून बघणारा एकुलता एक माणूस निघाला अकोल्याचा. दुसऱ्या महिन्यात पत्रकं छापली. ती स्टेशनबाहेरच्या वडेवाल्याच्या फार उपयोगी पडली.

"कागद माणूस फेकतोच गं," निर्मलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीच समईच्या ज्योतीला धक्का लागू नये इतका हळू. "जनाची लिंबू-मिरची बघ. शनिवारी दुकानाला टांगली की आठवडाभर तिला कोणी हात लावत नाही. येता-जाता सगळे बघतात मात्र."

वर्षानं पाटावरच्या नोटा उचलल्या आणि चपला पायात घातल्या.

तिचं माहेर मुरबाडचं. भावाच्या मित्राचा छापखाना होता. तिथे म्हसा गावच्या जत्रेच्या पत्रकांचा लाल कागद उरला होता, म्हणून काम स्वस्तात झालं. लाल चिठ्ठी, तिच्यावर मोबाईल समोर धरायचा तो काळा चौकोन, आणि खाली बारीक अक्षरांत 'येताना'. लालावर काळी शाई असल्यामुळे ते नाव चष्मा असूनही वाचता येत नव्हतं, पण चौकोन झकास उठला होता.

लिंबू-मिरची विकणाऱ्या जनानं शुक्रवारी बसून लिंबू आणि मिरच्यांच्या मधोमध एकेक चिठ्ठी ओवून दिली. स्टेशनसमोरच्या दुकानांना टांगूनही दिली. उरलेली टोपली मात्र तिनं वर्षाच्या पडवीत आणून आपटली.

"घरोघर मी नाय जायची, ताई."

"का गं? पैसे देते की."

"पैशाचं नाय. उद्या शनवार, त्यात अवस. अवसेला लोकांच्या दारात लिंबू न्यायचं म्हंजे काय गंमत हाय?"

"अगं, त्यांच्या भल्यासाठीच आहे ते."

"भलं सांगायला तोंड लागतं. लिंबू काय बोलतं?" म्हणून जना निघून गेली.

वर्षाचा चेहरा पडला. निर्मलाबाईंना ते बघवेना. "मी ठेवते," त्या म्हणाल्या. "पहाटे मारुतीला जातेच. वाटेत आळीतून जाईन. आपल्या मनात वाईट नसलं की झालं, देव बघतो."

देव बघतो हे खरंच. पण पहाटे आळीत आणखीही काही माणसं बघतात, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

निर्मलाबाईंचा शनिवारचा नेम कडक. उजाडायच्या आत डोक्यावरून अंघोळ, ओलेत्यानंच मारुतीला तेल, आणि तेल वाहीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. ओले केस बांधून देवापुढे जाऊ नये असं त्यांच्या आईनं सांगितलेलं, म्हणून केसही मोकळे. इतकी वर्षं त्या घरामागच्या बांधावरून परस्पर देवळात जात. त्यांचा नेम साऱ्या आळीला ठाऊक होता, पण नेमातल्या निर्मलाबाई कोणी पाहिल्या नव्हत्या.

त्या पहाटे आळीतली वीज गेलेली होती. पांढरी साडी अंगाला चिकटलेली, केसांतून पाणी ठिबकतंय, अनवाणी पाय, काखेत टोपली. दाराच्या चौकटीवर टांगायला त्यांचा हात पोचेना आणि कुणाला हाक मारायची सोय नव्हती. मग त्यांनी प्रत्येक उंबऱ्यावर एकेक लिंबू-मिरची अलगद ठेवली, आणि मनातल्या मनात रामनाम घेत पुढे सरकल्या.

शेवटचं घर यमाजीचं. यमाजी रेल्वेतून रिटायर झालेला गँगमन. "कसाऱ्याच्या बोगद्यांत रात्री एकटा हिंडलोय मी. भूत आपल्याला घाबरतं," हे त्यानं सांगितलं नाही असा माणूस आळीत नव्हता. निर्मलाबाई उंबऱ्याशी वाकल्या आणि नेमकी त्याच वेळी यमाजीनं तोंडात मिश्री घेऊन दार उघडलं.

"कोन हाय?"

निर्मलाबाईंनी मान हलवली. केस हलले.

"कोन हाय गो? बोलत का नाय?"

आत्ता बोलता येत नाही, नंतर सांगते, असं खुणेनं सांगावं म्हणून त्यांनी हात वर केला. हातात लिंबू होतं. यमाजीच्या घशातून एक बारीक शिट्टीसारखा आवाज आला, त्यानं मिश्री गिळली आणि दार लावून घेतलं. आत काहीतरी जड पडल्याचंही ऐकू आलं.

निर्मलाबाई देवळाकडे धावल्या. तेल त्यांनी इतक्या घाईनं वाहिलं की निम्मं मारुतीच्या पायावर आणि निम्मं त्यांच्या स्वतःच्या पायावर पडलं. दाराला टांगलेलं लिंबू घर राखतं. उंबऱ्यावर पडलेलं लिंबू काय करतं, हे लहानपणापासून ठाऊक असूनही त्यांना आठवलं ते तेव्हा.

त्या घरी येऊन साडी बदलतात तोच यमाजीची बायको ठकू पडवीत हजर.

"काकी, घात झाला! आळीवर करनी झाली!"

निर्मलाबाई मटकन पाटावर बसल्या.

"आमच्या ह्यांनी बघितली ना! पत्र्याला डोकं लागंल एवढी उंच. तोंड नाय. पाय उलटे. हात असा वर केला आन म्हनाली, तुला नेते."

"म्हणाली?" निर्मलाबाईंच्या तोंडून निघून गेलं. "ती काहीच बोलली नसेल गं."

"तुमी देवमानूस, तुमाला वाटतं तसं. हे झोपलेत गोधडी घेऊन. ताप भरलाय." ठकूनं आवाज खाली आणला. "लिंबाला लाल चिठ्ठी आन वरती काळं यंत्र. सगळ्यांच्या दारात हाय. ज्याच्या दारात नाय त्यानंच केलं, असं हे म्हनतात. मानसं घरंघर बघत येतायत."

निर्मलाबाईंनी आपल्या उंबऱ्याकडे पाहिलं. तो स्वच्छ सारवलेला, रांगोळी काढलेला आणि रिकामा होता.

एवढ्या वर्षांचे उपास, एकादश्या, कुणाला वाकडा शब्द नाही, आणि आता उतारवयात गाव काय म्हणणार? चेटकीण. हा शब्द एकदा बाईला चिकटला की तेरावं घातलं तरी सुटत नाही.

ठकूनं दाराकडे मान वळवली आणि नवल वाटून म्हणाली, "अगो बाय, तुमच्याकडं पन ठेवलीच की!"

उंबऱ्याच्या कोपऱ्यात लिंबू-मिरची होती. वर्षा दाराआड उभी होती, टोपली मागे लपवून. तिच्या बोटाला मिरचीचा देठ चिकटलेला होता.

ठकू गेल्यावर वर्षा रडवेली झाली. "आई, मीच जाऊन सांगते सगळं. अॅप गेलं खड्ड्यात."

"तू नको. तुझ्या नावानं बोटं मोडतील. ठेवली मी." निर्मलाबाई पाटावरून उठल्या. "उपास आहे. उपासाला खोटं बोलत नाही मी."

"पण विचारलं नाही तर बोलायलाच नको ना?"

हा मार्ग निर्मलाबाईंना पटला. त्यांनी देवाला हात जोडले आणि मनोभावे मागितलं, की आज मला कोणी काही विचारू नये.

तेवढ्यात अंगणात सारी आळी गोळा झाली. पुढे यमाजी, गोधडी पांघरलेला. मागून कोणी म्हणत होतं पोलीस पाटलाला बोलवा, कायदा आहे. कोणी म्हणत होतं भगत आणा. निर्मलाबाई खांबाला धरून उभ्या राहिल्या.

यमाजी पडवीची पायरी चढला. "काकी," तो म्हणाला, "पोलीस नको आन भगत नको. आमी ठरवलंय."

"काय ठरवलं?" निर्मलाबाई कशाबशा म्हणाल्या.

"ही करनी तुमीच उतरवायची. तुमच्या नेमाएवढं बळ या आळीत कोनाचं नाय. ती अवदसा फिरत व्हती तवा तुमी मारुतीपाशी मौनात व्हता, हे का आमाला म्हाईत नाय?"

निर्मलाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. भीतीपेक्षा हा विश्वास जड होता. "यमाजी," त्या म्हणाल्या, "ती लिंबं मीच ठेवली."

वर्षानं डोळे मिटले.

मग ठकूचा हुंदका ऐकू आला. "बघा! बघा कशी दुसऱ्याचं पाप अंगावर घेते माउली!"

"अगं, खरंच मी. ओलेती होते, केस मोकळे..."

"बस, काकी, बस!" यमाजी पायांवर पडला. "मी डोळ्यांनी बघितलीय तिला. तुमी तिच्या निम्म्या पन नाय."

निर्मलाबाईंनी आणखी दोनदा सांगून पाहिलं. प्रत्येक वेळी पाया पडणारी माणसं वाढली. शेवटी त्यांनी हात टेकले आणि हळूच म्हणाल्या, "मग मी सांगते ते कराल? त्या चौकोनासमोर मोबाईल धरा."

"आतमधी शिरंल ना ती!" यमाजी गोधडीसकट मागे सरला.

"आधी मी धरते."

वर्षाचा मोबाईल त्यांनी उंबऱ्यावरच्या चिठ्ठीसमोर धरला. टिंग झालं. एक बाई किंचाळली. पडद्यावर हिरवीगार भाजीची पिशवी आली आणि खाली अक्षरं: 'शहापूरहून येताना काय आणू?'

ठकूनं मान लांब करून वाचलं. पुन्हा वाचलं. "आवो, काकीनं करनीचा बाजार करून टाकला!"

"तो आधीपासून बाजारच आहे," वर्षा पुढे झाली. "माझं अॅप आहे ते, मी तुम्हाला दोन महिने सांगतेय..."

"तू गप गो," ठकू म्हणाली. "तुला काय कळतं नेमातलं?"

मग ज्यानं त्यानं आपापल्या घरी जाऊन मोबाईल धरला. ज्याच्याकडे नव्हता तो शेजाऱ्याचा घेऊन आला. घराघरांतून टिंग टिंग ऐकू येत होतं, आरती चालल्यासारखं.

संध्याकाळी संदीप कामावरून आला तेव्हा वर्षा पडवीत मोबाईल घेऊन बसली होती आणि तिचं हसू मावत नव्हतं. सारी आळी 'येताना'वर आली होती. ठाण्याच्या नोकरीचं नाव कोणी काढलं नाही. निर्मलाबाईंनी उपास सोडला.

"आई, पहिली मागणी आली!" वर्षा ओरडली. "यमाजीभाऊंची. वाचू?"

"वाच."

"'येताना लिंबू-मिरची आणा. साधी, बिनचौकोनाची. आणनारी निर्मलाकाकीच पायजे, दुसऱ्या कोनाच्या हातची नको.'"

निर्मलाबाई प्रसन्न हसल्या. "आणीन की. त्यात काय?"

"थांबा, खाली अजून आहे," वर्षाचा आवाज जरा मऊ झाला. "'पुढच्या शनवारी, नेमात असतानाच आणावी म्हंजे गुन येतो. उजाडायच्या आत उंबऱ्यावर ठेवून जावी. मी जागा असन, बघायला दार उघडीन.'"

निर्मलाबाईंचं हसू तिथल्या तिथे विरलं. त्या उठल्या, देवघरापुढे गेल्या आणि त्यांनी हात जोडले. मग अगदी हळू, समईलाही ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यांनी विचारलं, "मारुतीराया, एवढा एक शनिवार केस बांधले तर चालेल ना रे?"