मामांचा हिरवा दिवा

"माझ्या नेटवर्कमध्ये डास शिंकला तरी मला कळतं!" मामा छाती फुगवून म्हणाले.

छापखान्याचं नेटवर्क मामाच सांभाळत. ऑफिसपासून मागच्या गोदामापर्यंत फायबरची केबल, आणि ती साध्या तारेला जोडायला दोन्ही टोकांना एकेक स्वस्तातली डबी. बिघाड झाला की स्वतःहून कळवणाऱ्या डब्याही दुकानदाराने दाखवल्या होत्या. मामा हसले होते. "मी मेलोय का? दिवा हिरवा, की सगळं बरवं!"

आज भाचीची ऑनलाइन मुलाखत होती. नोकरीची! घरचं नेट बंद, म्हणून मामांनी तिला गोदामातल्या खोलीत बसवलं. मुलाखत सुरू झाली आणि मशीनचा खडखडाट आत घुसायला लागला. मामांनी बाहेरून खिडकी दाबून लावली आणि शीळ घालत ऑफिसात आले. तिथे इंटरकॉम कोकलत होता.

"मामा, नेट गेलं!"

मामांनी टेबलावरच्या डबीकडे पाहिलं. दिवा हिरवागार, पोपटासारखा!

"मामालाच मामा बनवतेस?" लहानपणी तिला त्यांनी बिस्किटात टूथपेस्ट भरून खाऊ घातली होती. कार्टी आज उट्टं काढतेय!

"अरे खरंच गेलंय! ते लोक थांबलेत!"

"रडायचं नाटक झकास हं! नोकरी कशाला, हिरोईन हो!"

मग इंटरकॉमवर गोदामवाला आला. "साहेब, पोरगी खरंच रडतेय."

"तुलाही फितवलं का रे तिनं?"

त्यानंतर इंटरकॉम वाजलाच नाही. तेव्हा मात्र मामा धावत सुटले. पाहतात तर खिडकीतून आत गेलेली केबल झडपेखाली चिरडलेली. झडप लावली कुणी? मामांनी!

आणि तो हिरवा दिवा? टेबलावरची डबी शेजारच्या नेटवर्क-स्विचला जोडलेली आहे, एवढंच तो सांगत होता. हातभर तार! पुढे केबल जगली काय नि मेली काय, त्याला सोयरसुतक नव्हतं.

भाची लॅपटॉप मिटून बसली होती.

"चुकलं गं माझं," मामा म्हणाले. "मी बोलतो त्यांच्याशी. सांगतो, दोष माझा."

"इथे रेंज नाही, बाहेर जाऊन मीच केला फोन. कळवू म्हणाले."

"कुठल्या प्रश्नाला तुटलं?"

"सोपाच होता. अडचणीत डोळे मिटून कुणावर विसंबता?"

"मग?"

"'माझ्या मामावर' एवढंच बोलले, आणि नेट गेलं."