निर्दोषत्वाला तीन आठवड्यांची स्थगिती

वजनमापे कार्यालयाने एका मृत इसमाचा जाहीर सत्कार करण्याचा निर्णय घेतला आणि रीतसर त्या इसमालाच सात दिवसांच्या आत समक्ष हजर राहण्याची नोटीस काढली. हजर न राहिल्यास सत्काराची इच्छा नाही असे गृहीत धरण्यात येईल, असंही खाली बारीक अक्षरांत छापलं होतं.

इसम म्हणजे बाजारातला काटेवाला. दुकानदारांचे तराजू दुरुस्त करून द्यायचा. अकरा वर्षांपूर्वी कार्यालयातलं प्रमाण वजन, म्हणजे ज्याच्यावरून गावातली बाकी सगळी वजनं तपासतात ते पितळेचं एक किलो, दिसेनासं झालं. आदल्याच दिवशी काटेवाला तिथे काट्याला तेल घालायला गेला होता. तेवढं पुरलं. शिक्षा झाली आणि चौथ्या वर्षी तो तुरुंगातच तापाने गेला.

गेल्या वर्षी कार्यालयात नव्याने लागलेल्या टायपिस्टबाईंनी साहेबांच्या टेबलाकडे बोट दाखवून विचारलं, "हे पिवळं काय आहे?" ते प्रमाण वजन होतं. काटेवाल्याच्याच खटल्याच्या फायलीवर ठेवलेलं होतं, कागद उडू नयेत म्हणून. दर वर्षी कोणीतरी ते उचलून बाजूला ठेवायचं, खालच्या कागदावर 'वजन अद्याप सापडले नाही' असा शेरा मारायचं आणि वजन पुन्हा जागेवर ठेवायचं. शेरे सगळे सुवाच्य होते. कोर्टाने फाईल पाहिली, वजन पाहिलं आणि काटेवाल्याला निर्दोष ठरवलं.

नोटीस घेऊन काटेवाल्याची लेक कार्यालयात गेली. दुकान आता तीच चालवत होती. कडेवर आठ महिन्यांची मुलगी होती आणि तिला नुकतेच दात येत होते.

"ते स्वतः का नाही आले?" कारकुनाने विचारलं.

"ते वारले."

"कधी?"

"सात वर्षं झाली."

"अरेरे. मग तसं लिहून द्या, ताई. 'सत्कारमूर्ती येऊ शकत नाहीत.' कारण लिहू नका. कारण लिहिलं की पुरावा जोडावा लागतो."

तिने लिहून दिलं आणि साहेबांची भेट मागितली. तिला आईचा निरोप पोचवायचा होता. आईचं मागणं एवढंच होतं, की साहेबांनी माईकवरून चारचौघांत एक वाक्य म्हणावं: काटेवाल्याने ते वजन घेतलं नव्हतं. बाकी फुलं, फोटो, भाषणं काही नको. अकरा वर्षं आई दुकानाच्या मागच्या खोलीत बसून होती. ती पुढे आली की गिऱ्हाईक हातातली पिशवी दुसऱ्या हातात घ्यायचं. मुद्दाम नाही, आपोआप. म्हणून तर तिला ते जास्त लागायचं.

साहेबांनी वाक्य कागदावर लिहून घेतलं, लांब धरून वाचलं.

"वाक्य चांगलं आहे," ते म्हणाले. "पण नकारार्थी आहे. 'घेतलं नव्हतं' म्हटलं की लोक विचारणार, मग होतं कुठे? 'टेबलावर होतं' म्हटलं की विचारणार, कोणाच्या? मग सगळ्या कार्यक्रमाचा सूरच बिघडतो."

"मग सत्कार तरी कशाबद्दल करताय?" लेकीने विचारलं.

प्रश्न रास्त होता. म्हणून समिती नेमण्यात आली.

समिती चार वेळा बसली. मृताने काहीतरी उल्लेखनीय केलेलं असलं पाहिजे, आणि ते कार्यालयाला अडचणीचं नसलं पाहिजे. जन्मभर इमानाने काटे दुरुस्त केले हे काही उल्लेखनीय नव्हतं, कारण त्याचा दाखला कोणी दिलेला नव्हता. शेवटी तुरुंगाच्या फायलीत एक नोंद मिळाली. कैदी नंबर अमुकने स्वयंपाकघरातला बिघडलेला काटा आपणहून दुरुस्त केला. त्यानंतर कैद्यांच्या ताटात पुरतं जेवण पडू लागलं आणि स्वयंपाकघरातल्या दोघांनी बदली मागून घेतली. वर्तणूक: उत्तम. समितीने एकमताने काटेवाल्याला 'आदर्श कैदी' हा पुरस्कार जाहीर केला.

मग एका सदस्याच्या लक्षात आलं, की निर्दोष माणसाला शिक्षाच लागू होत नाही. शिक्षा नाही म्हणजे तो कैदी नाही, आणि जो कैदी नाही तो आदर्श कैदी कसा होणार?

"कोर्टाने घोळ घालून ठेवलाय," साहेब लेकीला म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. "पण मी मार्ग काढलाय. कुटुंबाच्या संमतीने त्यांचं निर्दोषत्व फक्त तीन आठवडे स्थगित ठेवू. सत्कार झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराला ते परत निर्दोष. मी जातीने लक्ष घालतो."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत गुन्हेगार. पण सन्माननीय."

संमतीपत्र लेकीच्या हातात देईपर्यंत तिच्या मुलीने ते ओढून तोंडात घातलं. दुसरा कागद मिळाला, पण त्यासाठी आधी 'पहिल्या कागदाचा डावा कोपरा सत्कारमूर्तींच्या नातीने खाल्ला आहे' असं दोन प्रतींत लिहून द्यावं लागलं.

घरी आई नातीला चमच्याने मऊ भात भरवत होती. लेकीने सगळं सांगितलं.

"म्हणजे तीन आठवडे परत चोर?"

"हो. नको असेल तर फाडून टाकते."

आईने नातीची हनुवटी पुसली. "तुझ्या बाबांना काय, सवय होती," ती म्हणाली. "तिथे माईक असेल ना गं?"

"असेल की."

"चालू असतो ना पण?"

"आई, असतो."

"मग कर सही."

सत्काराला सभागृह भरलं होतं. साहेब पाऊण तास बोलले. प्रत्येकाने शिक्षा इतक्या शिस्तीत भोगली तर समाज कुठल्या कुठे जाईल, असं ते म्हणाले. मग पुरस्कार घ्यायला आईला बोलावलं. ती ठेवणीतले कपडे घालून आली होती. तिने फ्रेम घेतली, ती साहेबांच्याच हातात परत धरायला दिली आणि माईकवर दोनदा टिचकी मारून बघितली.

"ह्यांनी ते वजन घेतलं नव्हतं," ती म्हणाली.

मग ती खाली उतरली. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. साहेबांनीही वाजवल्या असत्या, पण त्यांचे हात फ्रेमने अडकले होते. कार्यक्रमाच्या अहवालात कारकुनाने लिहिलं, 'कुटुंबीयांनी आभार मानले.'

दुसऱ्या दिवशी साहेब रजेवर होते, म्हणून काटेवाला आणखी एक दिवस गुन्हेगार राहिला. तिसऱ्या दिवशी पावणेअकराला तो निर्दोष झाला, आणि अकरा वाजता आईने मागच्या खोलीतलं स्टूल उचलून दुकानात पुढे आणून ठेवलं.

दुकान आता जोरात चालतं. येणारा प्रत्येक जण आईला सांगतो, "काकू, आम्हाला पहिल्या दिवसापासून खात्री होती हो." आई मान हलवते. एवढ्या सगळ्यांना खात्री असताना साक्ष द्यायला एकही कसा मिळाला नाही, हे ती विचारत नाही.

तुमचाही काटा एका बाजूला झुकत असेल तर घेऊन या. वजनंही आणा, लेक तीही तपासून देते. आई म्हणेल, "ठेवून जा, संध्याकाळी न्या." तुम्ही म्हणाल, "छे हो, थांबतो की. मला कुठे घाई आहे." तुम्ही थांबाल, बाळाशी खेळाल, झाल्या अन्यायाबद्दल चार शब्द कळवळून बोलाल, आणि तेवढा वेळ तुमची नजर काही लेकीच्या हातांवरून हलणार नाही. मग निघाल. कोपऱ्यावर वळलात की पिशवीत हात घालून वजनं मोजाल. सगळी असतील. तुम्हाला ओशाळल्यासारखं होईल. आणि मग, चुकून एखादं दोनदा मोजलं गेलं असेल म्हणून, तुम्ही ती पुन्हा एकदा मोजाल.