उजवा कौल

समाजावरचा धर्माचा प्रभाव दिवसेंदिवस कमी होत आहे, ही गोष्ट बेळगावात आता निर्विवाद मानली जाते. आमच्या वाचनालयाने तीस साली केलेल्या पाहणीत शेकडा साठ गृहस्थांची शेंडी गेलेली आढळली. (टोपी काढायला कुणी तयार न झाल्यामुळे हा आकडा अंदाजी आहे.)

या प्रगतीचे अग्रणी म्हणजे आमचे चिंतामणराव वकील. सोवळं त्यांनी खुंटीवर ठेवलं ते ठेवलंच. संध्या कोर्टाच्या वेळेच्या आड येते म्हणून सोडली. स्टेशनावरचं बिस्कीट तर चारचौघांत खाल्लं. दर वेळी त्यांनी शास्त्र कालबाह्य ठरवलं, आणि शास्त्रातर्फे कुणीच हजर नसल्यामुळे निकाल एकतर्फी लागला.

अशात त्यांची प्रमोदिनी मॅट्रिक झाली आणि कोल्हापूरला कॉलेजात जायचं म्हणून ट्रंक भरून बसली. आता सुधारक बापाला तोंडावर नाही कसं म्हणता येणार? वकीलसाहेब म्हणाले, "माझं काही नाही गं. पण गावच्या देवाला विचारायला हवं." देव जुन्या वळणाचा, तो काय सांगणार हे उघड होतं.

नंदगडकडच्या त्यांच्या मूळ गावी आम्ही कौल लावायला गेलो. रीत सोपी आहे. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. भरमू गुरवानं गाऱ्हाणं घातलं आणि उजवं पडलं.

वकिलांनी जागच्या जागी अपील केलं. प्रश्न उलटा विचारला, पोरीला घरी ठेवावं का? डावं पडलं. मग फेरतपासणी. प्रश्न पहिलाच, पण उजवं फूल गुळानं चिकटवून. (गूळ नैवेद्याचा, म्हणजे कायद्यात बसतो.) देव बराच वेळ विचारात होता. मग गुळाला मुंग्या लागल्या आणि उजवंच पडलं.

"सायेब, द्येव न्हाय म्हणायलाच तयार न्हाय," भरमू म्हणाला. "आता आनी किती इचारू?"

प्रमोदिनीचा चेहरा असा उजळला की मलाही बरं वाटलं. "अण्णा, मग जाऊ ना?"

वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. "प्रमोदिनी, विसाव्या शतकात फुलं पडण्यावर कुणी आयुष्य ठरवतं का गं?"

"मग कशावर ठरवायचं?"

यावर त्यांनी गाडी जुंपायला सांगितली. ट्रंक माळ्यावर गेली, ती तिच्या लग्नातच खाली आली.

त्याच महिन्यात वकीलसाहेबांनी वाचनालयात 'देवभोळेपणाचा अस्त' या विषयावर व्याख्यान दिलं. मुंग्यांचा दाखला फार रंगला. टाळ्या आपणही वाजवल्यात. दुसऱ्या रांगेत होतात, मी पाहिलं. आपली थोरलीही यंदा मॅट्रिकला बसते म्हणे. आपला म्हणून सांगतो, देवाला तेवढं विचारायला जाऊ नका. त्याचा आता भरवसा राहिला नाही. तो हो म्हणतो.