अर्धं नानांकडून

जळगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या नानांकडे चहा हवा असेल, तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. "पेशीतला कचरा कोन साफ करस?" उत्तर आलं नाही, की नाना आत ओरडत, "चहा नको टाकू, याले काही येत नही!" विम्याचे एजंट, पोस्टमन, दोन डॉक्टर असेच कोरडे परतले. मी शाळेत विज्ञान शिकवतो, तरी पहिल्यांदा मीही नापास झालो.

नाना मूळचे चोपड्याचे. दीपनगरच्या वीज केंद्रात राख हलवण्याच्या विभागात जन्म गेला. शिक्षण सातवी. पण नात मंदा सहा वर्षांची झाली आणि तिला फळ्यावरचं दिसेना. चष्मा झाला, नंबर बदलला, पुन्हा बदलला. मग झटके सुरू झाले, पाठ असलेल्या कविता सुटत गेल्या. शेवटी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, की पेशीतला कचरा मोडून टाकणारी लयकारिकांची व्यवस्था हिच्यात जन्मापासून बिघडलेली आहे. एक प्रथिन मेंदूत साचत जातं. औषध नाही.

"राख उचलली नही तर बॉयलर बंद पडस," नाना मला म्हणाले. "इतकं माले समजस. पुढचं तुम्ही सांगा, मास्तर." मग रोज संध्याकाळी माझी शिकवणी. मला येत नसे ते वाचून यायची सक्ती.

तिकडे धुळ्याला मंदाच्या आईच्या सासरच्यांनी वेगळंच निदान केलं. दोष सुनेच्या कुशीचा. नानांची मुलगी सुशीला मंदाला घेऊन माहेरी आली, आणि जावयाचं दुसरं लग्न ठरवायला बैठक बसली. नानांना बोलावणं नव्हतं. नाना मला घेऊन गेले. वर बैठकीत पहिला प्रश्न तोच टाकला, "पेशीतला कचरा कोन साफ करस?"

कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, "नगरपालिका?"

"बठ्ठं, सगळंच चुकीचं शे!" नाना गरजले. मग मुंबईचा कागद माझ्या हातात दिला. मी समजावलं, की हा आजार आईकडून अर्धा आणि बापाकडून अर्धा आला तरच होतो. एकट्या आईमुळे होत नाही.

व्याही आबा उसळले. "आमच्या घराण्यात असलं काही नाही!"

"मन्या घराण्यातबी दिसत नव्हतं. लपेल व्हतं." नाना स्वतःच्या छातीवर हात ठेवून उभे राहिले. "अर्धं मनाकडून उनं. मी कबूल करस, बठ्ठास्ना समोर. उरेल अर्धं कोनाकडून उनं?"

खरं तर ते नानांकडून आलं की त्यांच्या वारलेल्या बायकोकडून, हे कोणी तपासलंच नव्हतं. नानांनी विचार न करता स्वतःवर घेतलं.

मग जावई प्रकाश उठला. तोवर तो मान खाली घालून बसला होता. "माझ्याकडून," तो म्हणाला. आबांकडे न बघता त्याने चपला घातल्या आणि आमच्याबरोबर एस.टी.त बसला. पुढे त्याने जळगावला बदली करून घेतली.

मंदा मात्र बरी झाली नाही. तेराव्या वर्षी तिला काहीच दिसत नव्हतं, शब्द जवळजवळ संपले होते. सगळे म्हणाले, केस कापून टाका, सोयीचं पडेल. नानांनी साफ नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सुतळीचे तीन तुकडे घेऊन आमच्याकडे आले. माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, माले वेणी घालाले शिकाडा." आठवडाभर आमच्या खिडकीच्या गजाला सुतळीच्या वेण्या लोंबत होत्या.

एकदा सकाळी मी गेलो, तर नाना ओसरीवर मंदाला पुढ्यात घेऊन बसले होते. भांग वाकडा होता. रिबिनीची गाठ जाड बोटांना जमत नव्हती.

"नाना, तिला आता कळतं का हो?" मी विचारलं.

"डॉक्टर नही म्हनतस," नाना म्हणाले. "म्हनू दे."

वेणी झाली. मंदाने हात मागे नेला, चाचपडत नानांचा अंगठा धरला आणि त्यांना टेकून डोळे मिटले. नानांना उठायचं होतं, दूध उतू जात होतं. त्यांनी मला खुणेनेच आत पाठवलं आणि तसेच बसून राहिले.